नाल्याचा ठराव

दुधनी महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी कडेला आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणारी रेल्वे होटगी, अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी अशी स्थानके घेत इथे पोचते आणि पुढे कर्नाटकात शिरते. अक्कलकोट तालुक्यात नगरपरिषदा तीन: अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी. दुधनीची नगरपरिषद ‘क’ वर्गातली, वस्ती दहा-बारा हजारांची. घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही, असा इथला व्यवहार. तुरीचा हंगाम आला की बाजार समितीच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, सीमेपलीकडचा शेतकरीही माल इथेच आणतो. अशा गावात ‘स्थानिक पर्यावरण धोरण’ हे शब्द काढले की ऐकणाऱ्याला हसू येते. पर्यावरणाची चिंता मुंबईने करावी, आरेच्या झाडांवरून भांडावे, दिल्लीने धुरक्याने खोकावे. आमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येते तेवढे सांगा, असा त्या हसण्याचा अर्थ. हे हसू मला गैर वाटत नाही. उलट, या विषयाची ओळख तिथूनच करून द्यायला हवी. कारण नळाचे पाणी किती दिवसांनी येते आणि वापरून झाल्यावर ते कुठे जाते, हाच लहान गावाचा पर्यावरणाचा प्रश्न आहे. तो नगरपरिषदेच्या रोजच्या कामातून उचलून ‘पर्यावरण’ नावाच्या वेगळ्या मोहिमेत टाकला, की काम आणि मोहीम दोन्ही फसतात. या प्रस्तावनेत एवढेच म्हणायचे आहे. पुढचे सगळे त्याची कारणे आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप.

आधी कायदा, कारण ‘हे आमचे काम नाही’ हे उत्तर सर्वांत आधी येते. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली आणि नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची यादी दिली. त्यातला आठवा विषय नागरी वनीकरण, पर्यावरणाचे संरक्षण आणि परिसंस्थेचे संवर्धन. महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कायदा त्याहून जुना, 1965 चा. त्याच्या कलम 49 मध्ये नगरपरिषदेची कर्तव्ये सांगितली आहेत. रस्ते झाडणे, घाण उचलणे, गटारे बांधणे आणि राखणे ही त्यातली बंधनकारक. त्यानंतर कायद्यांची रीघच लागली. शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा, त्यात वृक्ष प्राधिकरण आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना. 2002 चा जैवविविधता कायदा, त्यात प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही. 2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम, त्यात ओला-सुका वेगळा करणे आणि वर्षभराच्या आत स्वतःचे उपविधी करणे. 2018 ची राज्याची प्लास्टिकबंदी, 2022 ची केंद्राची. नियमांचा दुष्काळ नाही. सोलापूर जिल्ह्यात ज्याचा सुकाळ आहे अशा मोजक्या गोष्टींत पर्यावरणाचे नियम येतील. हे सगळे वरून आले, ही अडचण आहे. जैवविविधता समित्यांचेच पाहा. कायदा 2002 चा, पण देशभरच्या समित्या आणि नोंदवह्यांना खरा वेग आला तो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये ‘31 जानेवारी 2020 पर्यंत पूर्ण करा, नाहीतर राज्यांना महिन्याला दहा लाख भरावे लागतील’ असे बजावल्यावर. सतरा वर्षे न झालेले काम काही महिन्यांत होते, तेव्हा ते कागदावर होते. चार गावांच्या नोंदवह्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसल्या तर त्यात नवल काही नाही.

माझी वसुंधरा अभियानाबद्दल याच जागी बोलायला हवे, आणि न्यायाने बोलायला हवे. 2 ऑक्टोबर 2020 रोजी राज्य सरकारने ते सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या नावाने गुण द्यायचे, 5 जूनच्या जागतिक पर्यावरणदिनाच्या निमित्ताने निकाल लावायचे, वरच्या क्रमांकांना बक्षिसे द्यायची, अशी त्याची रचना. याचा फायदा झाला. ज्या नगरपरिषदांत पर्यावरण या नावाची फाईलच नव्हती, तिथे ती उघडली. पण स्पर्धेचा स्वभाव असा की जे मोजता येते आणि फोटोत दाखवता येते ते आधी होते. झाडे लावल्याचा आकडा, रंगवलेल्या भिंती, ऑनलाइन घेतलेल्या हरित शपथा. गावाच्या खालच्या अंगाला सांडपाण्याचा नाला शेतात घुसतो, तिथे फोटो चांगला येत नाही. शिवाय मोहिमेला शेवटची तारीख असते. सांडपाण्याला नसते.

दुधनीसारख्या गावाचे सांडपाणी किती, याचा हिशेब करायला कुणा सल्लागाराची गरज नाही. भुयारी गटार नसलेल्या गावासाठी पाणीपुरवठ्याचे केंद्रीय प्रमाण माणशी रोज 70 लिटरचे आहे. वस्ती अकरा हजार धरू. रोजचे पाणी पावणेआठ लाख लिटर. वापरलेल्या पाण्यातले साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे सहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे साठ टँकर रोज गावाबाहेर ओतावेत, एवढे हे पाणी. इथे वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. 1972 चा दुष्काळ सोलापूरकरांना सांगावा लागत नाही, 2015-16 चा तर कालचाच. अशा मुलखात साठ टँकर पाणी घाण करून सोडून देणे ही चैन आहे. पाणी रोज येत नसेल, माणशी सत्तर लिटर मिळतच नसतील, तर आकडा कमी धरा. पण पाणी जितके कमी तितके सांडपाणी अधिक दाट आणि वास अधिक उग्र, हेही धरा. यावर उपाय फार मोठ्या यंत्राचा लागत नाही. गाळ बसवायची टाकी, त्यापुढे खडी-वाळूच्या थरांत वाढवलेली पाणवनस्पती, आणि शेवटी तळे किंवा सरळ शेतीला पाणी, अशा साध्या पद्धती लहान वस्त्यांना परवडतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने अशी एक पद्धत विकसित केलेली आहे. जागा लागते, पण दुधनीला मुंबईसारखी जागेची टंचाई नाही. हवी ती एक ठरलेली जागा, आणि तिथपर्यंत नाला मोकळा.

नाला मोकळा असणे म्हणजे काय, हे या तालुक्याने 14 ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत पाहिले. बोरी नदीला पूर आला, नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, उभी पिके गेली. त्याच्या चार-पाच वर्षे आधी चारा छावण्या आणि टँकर पाहिलेल्या जिल्ह्यात लोक पत्र्यावर चढून बसले. असा पाऊस वारंवार येईल की नाही यावर हवामानाचे जाणकार वाद घालोत. तो आला तर कुठून वाहील हे मात्र गावाच्या नाल्यांवर ठरते, आणि नाल्यांचे भवितव्य ठरते बांधकाम परवान्यांवर. नाल्याच्या काठावर आधी उकिरडा होतो, मग त्यावर मुरूम पडतो, मग पत्र्याचे दुकान उभे राहते, मग त्याला कर आकारणी होते. कर भरला की मालकी असल्यासारखी भाषा सुरू होते. यात कुणी खलनायक नसतो. प्रत्येक पायरीला एक छोटी सूट दिली जाते, एवढेच. नाल्याची हद्द खांब रोवून ठरवणे, ती विकास योजनेच्या नकाशावर आणि करवसुलीच्या रजिस्टरात एकसारखी दाखवणे, आणि हद्दीतल्या नव्या बांधकामाची आकारणीच न करणे, हा ठराव कुठल्याही अभियानाच्या गुणपत्रिकेत ठळक दिसणार नाही. दुधनीसाठी मी तो पहिला पर्यावरणीय ठराव मानीन.

आता कचरा. माणशी पाव किलो धरला तर दुधनीचा रोजचा कचरा पावणेतीन टन होतो, त्यातला निम्मा ओला. हा डोंगर नाही. एका ट्रॅक्टरच्या दोन-तीन खेपांचा माल आहे. तरीही गावोगाव दिसते ते असे: घरात दोन डबे, घंटागाडीत दोन कप्पे, एक हिरवा एक निळा, आणि गावाबाहेरच्या डेपोवर गाडीची मागची झडप उघडली की दोन्ही कप्प्यांचा माल एकाच ढिगावर. हे एकदा पाहिलेली बाई दुसऱ्या दिवसापासून डबे वेगळे का ठेवील? उन्हाळ्यात त्या ढिगाला आग लागते किंवा लावली जाते. हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजारांचा दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा. पण डेपो नगरपरिषदेचाच असेल तर पावती कुणी कुणाच्या नावाने फाडायची?

वेंगुर्ल्याचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे, कारण वेंगुर्लाही ‘क’ वर्गाची नगरपरिषद आणि तिची वस्ती बारा हजारांच्या आसपास, म्हणजे आकाराने दुधनीची जुळी बहीण. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा घरातच वेगळा घ्यायला सुरुवात झाली आणि पुढे तो वीसहून अधिक प्रकारांत निवडला जाऊ लागला. ओल्यापासून खत आणि गॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात, आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक पाहायला येतील असे उद्यान. यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, वेंगुर्ला कोकणातले, पर्यटनाचे, साक्षर गाव. त्याची दुधनीशी तुलना कशाला? याला उत्तर सोपे आहे. कोकणातल्या मुसळधार पावसात ओला कचरा कुजून घाण पाणी सुटते ते सांभाळणे अधिक अवघड. सोलापूरच्या कोरड्या हवेत सुका कचरा महिनोन् महिने सुकाच राहतो आणि निवडायला सोपा जातो. खताच्या खड्ड्याला पाणी लागते हे खरे, पण ते प्यायचे पाणी असावे लागत नाही. वर मोजलेल्या साठ टँकरांतले एक पुरेल. आणि तयार खताला गिऱ्हाईक शोधायला दूर जावे लागत नाही, चारही बाजूंना काळी जमीन आहे. शहरी कंपोस्टला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने विकायची सोय राज्य सरकारने केलेली आहेच. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. वेंगुर्ल्यात झाले ते एका अधिकाऱ्यामुळे. तो बदलून गेला की संपले. म्हणूनच मी उपविधींवर जोर देतो. मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो, उपविधी बदलायला सभा लागते. 2016 च्या नियमांनी नगरपरिषदेला उपविधी, वापर शुल्क आणि जागेवरचा दंड हे तिन्ही अधिकार दिले. ते गावाच्या मापाने न वापरता राज्याच्या नमुन्याची प्रत सही करून ठेवली, तर मग सगळे एका माणसाच्या उत्साहावर उरते.

गावाच्या मापाने म्हणजे कसे? दुधनीचे वैशिष्ट्य तिचा बाजार. हंगामात तूर चाळणीवर पडली की शेंगांची टरफले, काडी, माती, फुटका दाणा यांचा ढीग लागतो. फाटका बारदाना, सुतळीचे तुकडे, प्लास्टिकच्या गोण्यांचे धागे त्यातच मिसळतात. धूळ हमालांच्या नाकातोंडात जाते. हमाल तोंडाला गमछा बांधतो, तेवढेच त्याचे प्रदूषण नियंत्रण. यातला काडीभुसा जनावरांना चालतो, उरलेला खताला चालतो, फक्त धागे आणि प्लास्टिक आधी वेगळे व्हायला हवेत, नाहीतर ते गुरांच्या पोटात जातात. बाजार समिती ही 1963 च्या कायद्याखालची वेगळी संस्था, तिच्यावर नगरपरिषदेचा हुकूम चालत नाही, असे सांगितले जाते. अर्धेच खरे आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक मानले आणि त्या व्याख्येत बाजारांचा नावानिशी उल्लेख केला. अशांनी आपला कचरा आपल्या आवारात वेगळा करायचा, शक्य तितका तिथेच जिरवायचा. भांडण न करता समितीशी हंगामापुरता करार करणे, चाळणीजवळ दोन कुंड्या आणि उचलीचा दर ठरवणे, एवढे नगरपरिषदेच्या हातात आहे. मुंबईत बसून केलेल्या कुठल्याही आराखड्यात तुरीच्या चाळणीचा उल्लेख सापडणार नाही. तो दुधनीनेच करायचा.

प्लास्टिकच्या बाबतीत सीमेवरची गावे एक ठरलेले कारण देतात: आम्ही बंदी पाळू, पण पिशव्या पलीकडून येतात. हे कारण फार टिकत नाही. कर्नाटकाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली मार्च 2016 मध्ये, महाराष्ट्राची अधिसूचना निघाली 23 मार्च 2018 रोजी. पलीकडचा कायदा दोन वर्षांनी थोरला आहे. म्हणजे पिशव्या कायद्याच्या फटीतून येत नाहीत, दोन्हीकडच्या डोळेझाकीतून येतात. महाराष्ट्रात पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद, असा दंड आहे. तो इतका जड आहे की लहान गावात कुणी लावतच नाही. ज्याची दिवसाची विक्री हजाराची त्या भाजीवालीला पाच हजारांची पावती फाडायला कुठला कर्मचारी धजावेल, आणि त्याने का धजावावे? दंडाची रक्कम नगरपरिषदेच्या हातात नाही, पण कारवाई कुठे सुरू करायची ते आहे: पिशव्या घाऊक विकणाऱ्या दोन-चार दुकानांपासून, भाजीच्या पाटीपासून नव्हे. आणि जे काही जाहीर करायचे ते घंटागाडीच्या भोंग्यावर कन्नडमध्येही व्हायला हवे. ज्या गावात शाळा दोन भाषांत भरतात तिथे सूचना एका भाषेत देणे हा भाषाभिमान नव्हे, आळस आहे.

झाडांबद्दल थोडे सांभाळून लिहिले पाहिजे, कारण झाडाविरुद्ध बोलणारा माणूस पापी ठरतो. राज्याने 2016 मध्ये दोन कोटी, 2017 मध्ये चार, 2018 मध्ये तेरा आणि 2019 मध्ये तेहेतीस कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य धरले. आकडे चढत गेले, पाऊस तेवढाच राहिला. सोलापूर जिल्ह्याचा मोठा भाग मुळात गवताळ माळांचा. माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य 1979 मध्ये झाले ते याच माळांमुळे. माळ म्हणजे ओसाड जागा आणि तिच्यावर झाडे लावणे म्हणजे सुधारणा, ही समजूत इथे महाग पडली आहे. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावलेला माळ फोटोत हिरवा दिसतो, पण त्यात गवत, ससा, खोकड आणि चंडोल यांची जागा जाते, आणि मेंढपाळाची चराईही. झाडे हवीत ती गावात: शाळेच्या कुंपणाला, बाजाराच्या आवारात, स्थानकाच्या रस्त्याला, जिथे एप्रिलात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत माणसे उभी राहतात. तीही लिंब, करंज, चिंच, पिंपळ अशी, जी इथले ऊन ओळखतात. 1975 च्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी लावायची अट घातली. रस्ता रुंद करताना चाळीस वर्षांची चिंच तोडायची तर चाळीस रोपे जगवावी लागतील. ती कुठल्या पाण्यावर, हे आधी ठरवले तर चिंच वाचण्याचीच शक्यता अधिक.

या सगळ्यावरचा शेवटचा आणि सर्वांत जोरदार आक्षेप पैशाचा. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून ‘क’ वर्गाच्या नगरपरिषदा वरच्या अनुदानावर जगतात. पगार आणि वीजबिल भागता भागत नाही, तिथे पर्यावरण कुठले? आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दुधनीच्या आकाराच्या शहरांचे अनुदान देताना त्यातले साठ टक्के बांधून दिले: तीस टक्के पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तीस टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. 1 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्यासाठी वेगळा निधी ठेवला गेला. म्हणजे पैसा येतो तो नेमका याच कामांच्या नावाने. तो बहुधा यंत्रे घेण्यात जातो, कारण खरेदीला निधी मिळतो आणि चालवायला मिळत नाही. खताचे यंत्र येते, उद्‌घाटन होते, चालकाचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून द्यायचा हे ठरत नाही, आणि यंत्र शेडमध्ये गंजते. म्हणून माझे म्हणणे पैसे वाढवा असे नसून, चालवण्याचा खर्च आधी अंदाजपत्रकात दाखवा आणि मगच खरेदी करा, असे आहे. यंत्राऐवजी चार माणसे निवडणीला लावली तर पावणेतीन टनांना ती पुरतात, आणि गावात कामही मिळते. कचरावेचकांना सामावून घ्या, असे 2016 च्या नियमांनीही सांगितले होते.

आणखी एक गोष्ट. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर 2021-22 पासून प्रशासक होते. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर 2025 मध्ये. मधल्या काळात ठराव प्रशासकाच्या सहीने होत होते. नाल्याच्या हद्दीवर कुणाला नाही म्हणायचे, कचऱ्याचे शुल्क किती लावायचे, बाजार समितीशी काय बोलायचे, ही कामे मते मागायला दारात जाणाऱ्या माणसांनीच करायची असतात. ती मते गमावण्याची कामे आहेत असे नगरसेवक मानतात. शुल्काच्या बाबतीत ते खरे असेलही. नाल्याच्या बाबतीत मला शंका आहे, कारण नाल्यावर दुकान एकाचे असते आणि पाणी शिरते ते पन्नास घरांत. अंदाजपत्रकाच्या सभेत कुणा सदस्याने एवढे विचारले तरी चालेल: नालेसफाईचे पैसे दरवर्षी पावसाळ्याआधी त्याच नाल्यावर खर्च होतात, तर त्याची मोजणी एकदाच का करून टाकत नाही? मोजणी शुल्क एका वर्षाच्या सफाईपेक्षा कमी येते की जास्त, हा हिशेब लेखापालाला त्याच बैठकीत मांडता येईल.